रुमालाखालचा रस्ता

२०२१ साल, आणि तू तेव्हा एकसष्ट वर्षांचा, रतन. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. तू आमच्या नंदुरबारच्या पेढीची पायरी चढलास तेव्हा तोंडाला गमछा बांधलेला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. मिरचीच्या पेढीत पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याचं असंच होतं. मी गादीवरून म्हटलं, "रडताय कशाला? अजून काम कुठे दिलंय?" तू शिंकत शिंकत म्हणालास, "नाही दिलं तर रडेन, आप्पा. आधी तुमची वायर कुठून येते ते दाखवा."

मागच्या आठवड्यात व्यापाऱ्यांनी तुझ्यासाठी बैठक ठेवली. कोणी तुझी नोकरी सांगितली, कोणी तुझं गाव सांगितलं. प्रशांतने तुझ्या फोटोला हार घातला. सगळे माझ्याकडे बघत होते, मी उठलो नाही. मला बोलता येत नाही म्हणून नव्हे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते चारचौघांत मांडण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहितो. शाळा माझी चौथीत सुटली, पण चिठ्ठी लिहायला कधी दुसऱ्याच्या दारात गेलो नाही, आजही जाणार नाही.

तुला बोलावलं प्रशांतने, माझ्या मुलाने. आधी आमची एकच पेढी होती. मग कोरीटला खरेदीचा काटा टाकला, चिंचपाड्याला गोदाम घेतलं, सुरतेला विक्रीची जागा केली. चार जागा झाल्या आणि चार तोंडं झाली. कोरीटला किती माल तोलला ते नंदुरबारला संध्याकाळी कळे, सुरतेला दुसऱ्या दिवशी. सुरतेला विक्रीवर ठेवलेला मुलगा विकून बसे आणि इकडे माल नसे. प्रशांत म्हणायचा, "बाबा, वाइड एरिया नेटवर्क पाहिजे." मी त्याला जाळं म्हणायचो. तू आलास आणि साधं 'लाइन' म्हणालास, तेव्हा मला वाटलं, चला, माणूस आपल्या भाषेतला आहे.

पण वायर कुठून येते म्हणून विचारलंस, ते मला झोंबलं. मी दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या होत्या. एक गेली तर दुसरी. पैसा टाकला होता, अक्कलही टाकली होती. तू बाहेर आलास, मान वर केलीस आणि दोन्ही वायरींच्या मागे मागे चालत गेलास. मीही काठी टेकत तुझ्या मागे. बाजार समितीच्या वळणावर उभा राहिलास.

"आप्पा, कंपन्या दोन?"

"दोन."

"वायरी दोन?"

"डोळे नाहीत का?"

"खांब किती?"

मी खांबाकडे पाहिलं. तोही माझ्याकडे बघत होता. दोन्ही वायरी त्या एकाच खांबाला टांगलेल्या, आणि खाली मिरचीच्या ट्रॉल्या अशा वळत होत्या की एखाद्या दिवशी एकीने त्याला टेकायचं तेवढं बाकी होतं. तू हसला नाहीस. दुसरा कोणी असता तर हसला असता, आणि मी त्याला तिथूनच परत पाठवला असता. तू फक्त म्हणालास, "दुसरी वायर मागच्या गल्लीतून, स्टेशनच्या बाजूने आणू. दोघींची भेट एकदम आपल्या दारातच झाली पाहिजे." त्या दिवसापासून मी तुला साहेब म्हणणं बंद केलं आणि रतन म्हणायला लागलो. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दुसरं अडलं ते भावावर. जाळं बसलं म्हणजे भाव इंटरनेटवरून जाणार. मी म्हटलं, भाव मी रस्त्यावर टाकणार नाही. माझा बाप भाव रुमालाखाली करायचा. दोन माणसांचे हात रुमालात, बोटं धरायची, दाबायची, सोडायची; कोणती बोटं धरली त्यावर आकडा. सगळा बाजार भोवती उभा, आणि भाव फक्त दोघांना ठाऊक. मीही उमेदीत तसाच भाव केला आहे. आणि तुम्ही म्हणता, तो सगळ्या जगाच्या रस्त्यावरून पाठवा?

प्रशांत लॅपटॉप उघडून समजवायला लागला. तू त्याला हाताने थांबवलंस. गळ्यातला गमछा काढलास, आपल्या दोघांच्या हातांवर टाकलास आणि माझी बोटं धरलीस.

"आप्पा, बाजार भरलाय ना?"

"भरलाय."

"सगळे बघतायत?"

"बघतायत."

"मग कोणाला काय दिसतंय? रस्ता सगळ्यांचा. रुमाल आपला. कोरीटला लाइनीची पेटी बसेल तिच्यात एक हात, नंदुरबारच्या पेटीत एक हात. मधल्याला फक्त कापड दिसतं."

मला समजलं. पण तुला समजलं नव्हतं की तू माझी कोणती बोटं धरली होतीस. मी रुमाल वर केला आणि म्हटलं, "या भावात तू माझा सगळा माल घेतलास. काढ पैसे." अख्खी पेढी हसली. तू गमछ्याने तोंड पुसलंस, त्यातली मिरची पुन्हा डोळ्यांत गेली आणि पुन्हा रडायला लागलास. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं पुढे आली, रंगीत चित्रं दाखवून गेली. पण मला माझ्या बापाच्या रुमालात घालून समजावलं ते तूच.

चिंचपाड्याच्या गोदामाचं काम तू घरचं म्हणून केलंस. घर तुझं त्याच बाजूला, कोकणी आदिवासींची तुझी वस्ती पलीकडेच. वायर रस्त्यापर्यंत आली होती, गोदामापर्यंत नाही. तू रस्त्याकडच्या इमारतीवर अँटेनाची एक थाळी बसवलीस, गोदामावर दुसरी, आणि मधून हवेतून लाइन नेलीस. फाल्गुन होता. एक थाळी दुसरीला दिसते का ते तू स्वतः वर चढून पाहिलंस. त्या वयात! मी खालून ओरडत होतो, "पडलास तर मी उचलणार नाही." लाइन अशी पळाली की गोदामातला हमाल वजन टाकी आणि इथे आकडा उमटे.

आणि पावसाळ्यात मेली. पावसाने नव्हे. कोरड्या दिवशीही मेलेली. तू गेलास, वर चढलास आणि वरच हसत बसलास. मधे मोहाचं झाड होतं. फाल्गुनात मोह उघडा असतो, पान नसतं, फुलं यायची असतात, आणि तू त्याच्या फांद्यांमधून आरपार पाहिलं होतंस. आता त्याला पानांचा डोंगर आला होता.

फोनवर तू म्हणालास, "आप्पा, जन्म मोहाखाली गेला, आणि मीच विसरलो की त्याला पानं येतात."

मी म्हटलं, "तोडून टाक. ज्याचं असेल त्याला मी पैसे देतो."

तू म्हणालास, "मोह तोडून मिरची विकायची नाही, आप्पा. थाळीचा खांब मी उंच करतो. खर्च माझ्याकडून." आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागा ठेवली नव्हतीस. खर्च मीच केला, तो भाग सोड. पण माझ्या पेढीवर माझा शब्द खाली पडला तो त्या दिवशी, आणि मला राग आला नाही. पुढच्या चैत्रात तू त्याच झाडाची फुलं टोपलीभर आणून माझ्या गादीवर ठेवलीस. "लाइनीचं भाडं," म्हणालास.

आता भांडणावर येतो.

पथारीवर बसलो होतो आपण. मिरची वाळवायचं आमचं मोकळं मैदान, सगळीकडे लाल. चहा आला होता. तू माझा कप मधे ठेवलास. "हे नंदुरबार." तीन दगड लांब लांब ठेवलेस, कोरीट, चिंचपाडा, सुरत. आणि वाळलेल्या मिरच्या उचलून दगडापासून कपापर्यंत रांगा लावल्यास. तीन रांगा, तिन्ही कपाला भिडलेल्या. "ही आपली आजची लाइन. कोरीटला सुरतेशी बोलायचं तर नंदुरबारला येतं, मग सुरतेला जातं. बरोबर?"

"बरोबर. असंच पाहिजे."

तू माझा कप उचललास आणि चहा पिऊन टाकलास. कप मागे ठेवून दिलास.

तीन रांगा कशालाच भिडलेल्या नव्हत्या.

"आता?" तू म्हणालास. मग आणखी मिरच्या घेऊन कोरीटपासून सुरतेपर्यंत एक रांग लावलीस, चिंचपाड्यापासून सुरतेपर्यंत एक. "नंदुरबार असेल तेव्हा सगळं नंदुरबारमधूनच जाईल. नसेल तेव्हा हे आपसात बोलतील. हिशेबाची एक नक्कल सुरतेला ठेवू."

"नंदुरबार नसेल म्हणजे?"

"वायर आहे, वीज आहे, पेटी आहे. कशालाही काही होऊ शकतं."

"मन्हं नंदुरबार बंद पडनार नही," मी म्हटलं. रागावलो की मी अहिराणीवर येतो, तुला ठाऊक आहे. "आणि मन्हा चहा कोन पीना?"

मी त्या मिरच्या काठीने उडवल्या. कोरीटने सुरतेशी परस्पर बोलायचं? मग भाव कोण ठरवणार? भगवान कोरीटला काटा सांभाळतो, चांगला माणूस आहे, पण भाव हा भगवानचा विषय नाही. भाव गादीवर होतो. पन्नास वर्षं होतोय.

"तुले काय कळस मिरचीमधलं?"

"माले मिरचीमधलं कळस नही," तू माझ्याच बोलीत म्हणालास. "लाइनमधलं कळस. पन आप्पा, तुम्ही लाइनीबद्दल बोलत नाही आहात. तुम्ही तुमच्याबद्दल बोलताय."

मी उठून आत गेलो. नंतर बरेच दिवस तू येऊन काम करायचास, प्रशांतशी बोलायचास, माझ्याकडे बघून हात जोडायचास आणि जायचास. तुझा चहा मात्र मी गादीजवळच मागवायचो, तेवढं तुझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं होतंच.

तू काय केलंस ते मला प्रशांतने नंतर सांगितलं. कोरीट-सुरत, चिंचपाडा-सुरत, दोन्ही रस्ते तू बांधून ठेवलेस. सुरतेला नक्कलही ठेवलीस. सगळं तयार, फक्त दार बंद. आणि प्रशांतला बजावलंस, "आप्पांनी हो म्हटल्याशिवाय उघडायचं नाही." भगवानला आणि सुरतेच्या मुलाला उघडायचं कसं ते शिकवलंस, एकाला अहिराणीत, एकाला गुजरातीत, आणि दोघांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंस. प्रशांतने विचारलं, तुम्ही असताना त्यांना कशाला? तेव्हा म्हणालास, "मीही एक खांबच आहे बाबा. माझ्या एकट्यावर सगळ्या वायरी टांगू नका."

हे वाक्य मला तू गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर तुला विचारलं असतं, छातीत काही दुखतंय का.

गेल्या हंगामात तुझं म्हणणं खरं व्हायची वेळ आली. अवकाळी पावसाची ओल भिंतीत उतरली, आमच्या मीटरच्या पेटीत वर्षानुवर्षांची मिरचीची भुकटी बसलेली, दोन्ही मिळाली आणि पेटी जळाली. स्टेशनकडची वायर जिवंत, बाजाराकडची वायर जिवंत. नंदुरबारच मेलं. कोरीटहून भगवानचा फोन.

"आप्पा, लाइन गई! ट्रॅक्टर उभा शेतस, रांग लागनी. काय करू?"

रांगेत उभ्या ट्रॅक्टरांतली ओली मिरची थांबत नाही. पोत्यात बसली की तापते, तापली की काळी पडते, आणि मग ती शेतकऱ्याचीही नाही आणि आमचीही नाही. प्रशांत तुझ्यापाशी हात जोडून उभा राहिला. "काका, उघडा ना. दोन मिनिटांचं काम."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "वीज येईपर्यंत थांबा."

तू थांबलास. म्हणजे, उघडलं नाहीस. पण बसलाही नाहीस. मोटरसायकल काढलीस, कोरीटला गेलास आणि भगवानच्या शेजारी बसून काट्याच्या पावत्या हाताने लिहायला लागलास. ज्याने आमचं सगळं जाळं विणलं तो माणूस संध्याकाळपर्यंत "नाव सांगा, गाव सांगा" करत होता. एकही ट्रॅक्टर परत गेला नाही. रात्री पेढीवर आलास तेव्हा बोटं शाईने निळी आणि मिरचीने लाल झालेली. मी वाट बघत होतो की तू म्हणशील, बघा आप्पा. तू म्हणालास, "भगवानकडे चहा फार गोड करतात."

मालकाचं न ऐकता त्याच्या घरातली किल्ली फिरवणारा माणूस मी एक दिवस ठेवला नसता. तुझ्या हातात किल्ली होती आणि वेळही तुझ्या बाजूची होती. तू फिरवली नाहीस. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. बरोबर असूनही दार ठोठावून बाहेर उभा राहणारा एकच पाहिला.

त्यानंतर तुझं एकच मागणं असायचं. "आप्पा, वर्षातून एक दिवस. भर बाजारात तुम्ही स्वतःच्या हाताने नंदुरबार बंद करा. बघा बाकीचे उभे राहतात का. नाही राहिले तर मी बांधलेलं सगळं उखडून नेतो." मी म्हणायचो, "मी मेल्यावर कर." तू म्हणायचास, "तेव्हा तुम्ही बघायला नसाल. मजा काय?" शेवटचं बोलणं आपलं तेच. दसरा होऊन गेला होता, हंगाम तोंडावर होता. तू पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणालास, "यंदा?" मी हात झटकला, चल निघ म्हणून. तू हसलास.

मग एका सकाळी तू गेल्याचा फोन आला आणि आम्ही चिंचपाड्याकडे निघालो.

तुझ्या अंगणात बायका कोकणीत रडत होत्या. मला शब्द कळत नव्हते, तुझं नाव तेवढं कळत होतं. तुझी बायको माझ्याजवळ आली. मी तिला काय सांगणार होतो कोण जाणे, तिनेच सांगितलं. "आप्पा, तुमच्याशी भांडून आले ना, की त्या दिवशी एक भाकर जास्त खायचे." आणि पदर तोंडाला लावला. रतन, मला पंच्याहत्तर वर्षांत असं कोणी काही दिलं नाही.

तुला पोचवून आम्ही गाडीने परत निघालो. चिंचपाडा मागे पडल्यावर प्रशांत म्हणाला, "बाबा, उद्यापासून खरेदी सुरू होतेय. आता लाइनीत काही बदलायला नको. काका नाहीत. काही बिघडलं तर कोण बघणार? आहे तसं चालू दे. सगळं नंदुरबारमधूनच."

माझंच बोलणं होतं ते. शब्दन् शब्द माझा. पोरगा माझ्या बाजूने बोलत होता, आणि मला गाडीत एकदम एकटं वाटलं. समोर तू नव्हतास. तुझी बाजू मांडणारं कोणी नव्हतं. भांडणात एक बाजू अशी पोरकी पडली तर ते भांडण राहत नाही, नुसती मनमानी होते. आणि मी हट्टी आहे, मनमानी करणारा नाही. हा फरक तुला कळत होता, म्हणून तर तू दार ठोठावत राहिलास.

मी म्हटलं, "तुले काय कळस लाइनमधलं?"



घरी मी जेवलो नाही. अजूनही मी असं म्हणत नाही की तू बरोबर होतास. भाव गादीवर होतो, हे मी आजही म्हणतो. पण भांडायला माणूस पाहिजे, आणि तू नाहीस, तर तुझ्या जागी मलाच उभं राहावं लागणार. माझी बाजू मला पाठ आहे, तुझी शिकायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढीवर गेलो. बाजार भरू दिला. ट्रॅक्टर लागू दिले. मग कोरीटला फोन लावला. "भगवान, सुरतेकडचा रस्ता उघड."

"आप्पा? खरंच?"

"रतन शिकाडी गया तसं कर."

सुरतेला आणि चिंचपाड्यालाही तेच सांगितलं. प्रशांत म्हणाला, "बाबा, आज पहिला दिवस आहे, निदान बाजार उठल्यावर..." मी त्याला म्हटलं, भर बाजारात करायचं ठरलंय. कोणाचं ठरलंय ते त्याने विचारलं नाही. मी आतल्या खोलीत गेलो, तू भिंतीवर लावलेल्या पेटीपाशी उभा राहिलो आणि तिचं बटण माझ्या हाताने खाली केलं. हिरवे दिवे विझले. मी येऊन गादीवर बसलो आणि फोन समोर ठेवला.

फोन वाजला नाही. भगवानचा नाही, सुरतेचा नाही. कोरीटला माल तोलला गेला, सुरतेने भाव दिला, भगवानने तो घेतला, आणि मला कोणी विचारलं नाही. बसून बसून मला कळेना हात कुठे ठेवावेत. मग मी गादीवरून उठलो, जोडे न घालताच पथारीवर गेलो आणि तिथल्या बायकांच्या बरोबरीने, उन्हं चढेपर्यंत, मिरची उलटत राहिलो.